विमानाचा तास, घाटाचा तास

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि नागपूरचा विमानतळ यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साधारण ४०४ किलोमीटर भरते. ही रेघ जालना जिल्हा ओलांडते, देऊळगाव राजाच्या पाच-सहा किलोमीटर उत्तरेकडून जाते, मेहकर उजव्या हाताला अकरा-बारा किलोमीटरवर ठेवते आणि पुढे वाशीम-अकोल्याच्या सीमेकडे सरकते. विमान याच रेघेवरून उडालं आणि आभाळ निरभ्र असलं, तर नागपूरकडे जाताना उजवीकडच्या खिडकीतून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवरचं लोणारचं सरोवर दिसायला हरकत नाही. म्हणजे या दोन विमानतळांमधल्या अंतराचा एक मोठा तुकडा बुलढाणा जिल्ह्याच्या डोक्यावरून जातो. जिल्ह्यात मात्र प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे ‘अंतर ४०४ किलोमीटर, वेळ एक तास’ असं उत्तर फोनने दिलं की बुलढाणेकराने लगेच तिकीट काढायला घेऊ नये. तो हिशेब विमानाचा आहे. आपला हिशेब घरून निघताना सुरू होतो, आणि त्यात विमानाचा वाटा बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो.

तरी विमानाचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन विमानतळांमधलं जे अंतर सांगितलं जातं ते पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं अंतर असतं. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आपल्याला त्या फंदात पडायची गरज नाही. फोनवरच्या नकाशात एका विमानतळावर बोट दाबून धरलं आणि ‘अंतर मोजा’ हा पर्याय घेऊन दुसऱ्यापर्यंत गेलं की हेच अंतर मिळतं. या पद्धतीने आपल्या उपयोगाच्या काही जोड्या मोजल्या तर असं दिसतं: संभाजीनगर ते मुंबई सुमारे २८० किलोमीटर, जळगाव ते मुंबई ३५५, जळगाव ते पुणे ३२०, अमरावती ते मुंबई ५४०, नागपूर ते मुंबई ६८०, संभाजीनगर ते दिल्ली ९८०. प्रत्यक्ष विमान थोडं जास्त उडतं. धावपट्टीची दिशा, वाऱ्याची दिशा आणि ठरवून दिलेले हवाई मार्ग यांमुळे त्याला वळसा पडतोच.

वेळ मात्र अंतरावरून थेट काढता येत नाही, कारण विमानं दोन प्रकारची आहेत. जळगाव आणि अमरावतीच्या विमानतळांवर येणारी ‘एटीआर ७२’ ही विमानं पंख्यांची असतात. सत्तरेक प्रवासी घेतात आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालतात. संभाजीनगर किंवा नागपूरहून दिल्लीला जाणारी एअरबस ए-३२० सारखी जेट विमानं उंचावर पोचल्यावर ताशी आठशेच्या पुढे जातात. पण छोट्या पल्ल्यात जेटला तो वेग फार वेळ टिकवता येत नाही. वर चढून सरळ झालं न झालं तोच खाली उतरायची तयारी सुरू होते. म्हणून मी हिशेबासाठी जेटला साडेसातशेच धरतो.

सूत्र सोपं आहे. अंतराला एटीआर असेल तर ५००ने आणि जेट असेल तर ७५०ने भागा, आणि आलेल्या वेळेत अर्धा तास मिळवा. हा अर्धा तास विमान जमिनीवर रांगण्याचा, वर चढण्याचा, उतरण्याचा आणि पुन्हा थांब्यापर्यंत जाण्याचा. मुंबई गाठायची असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना आकाशात घिरट्या घालत नंबर लावावा लागतो.

सूत्र पडताळून पाहू. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ला अलायन्स एअरच्या एटीआरने सुरू झाली. ५४० भागिले ५०० म्हणजे पासष्ट मिनिटं, अधिक तीस, म्हणजे पंचाण्णव. मुंबईची दहा धरली की एकशे पाच. सुरुवातीच्या वेळापत्रकात हा प्रवास पावणेदोन तासांचाच दाखवला होता. संभाजीनगर-दिल्ली जेटने: ९८० भागिले ७५० म्हणजे सव्वा तास आणि वर तीन-चार मिनिटं, अधिक अर्धा तास, म्हणजे एक तास पन्नासच्या जवळ. तिकिटावरही साधारण एवढंच असतं. आणि आपली पहिली जोडी, संभाजीनगर-नागपूर? एटीआरने पन्नास अधिक तीस, म्हणजे ऐंशी मिनिटं. फोनवरचा ‘एक तास’ जेटचा वेग गृहीत धरून आलेला असतो. त्या मार्गावर जेट उडतं की नाही, आज काही उडतं की नाही, याच्याशी त्या गणिताचा संबंध नसतो.

तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे विमान हवेत असण्याची वेळ नव्हे. विमान थांब्यावरून हललं तिथपासून दुसऱ्या गावी थांब्यावर उभं राहिलं तिथपर्यंतची ती वेळ. कंपन्या त्यात थोडी सैल जागाही ठेवतात, म्हणजे वक्तशीरपणाच्या आकडेवारीत अडचण येत नाही. म्हणून कधी कधी विमान अर्धा तास उशिरा सुटूनही जवळपास वेळेवर पोचतं आणि शेजारचा प्रवासी ‘पायलटने चांगली पळवली’ म्हणतो. पळवली-बिळवली नसते, जागा आधीच सोडलेली असते.

सूत्रातल्या ठरीव अर्ध्या तासाचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नागपूर-मुंबईचं अंतर संभाजीनगर-मुंबईच्या जवळपास अडीच पट आहे, पण विमानाची वेळ दीड पटच होते. म्हणजे ‘हा विमानतळ मुंबईला जवळ, म्हणून लवकर पोचू’ या विचारात फारसा दम नाही. हवेत शंभर किलोमीटर वाचले तर जेटने आठ मिनिटं वाचतात. तेच शंभर किलोमीटर रस्त्यावर वाचले तर दीड-दोन तास वाचतात. विमानतळ निवडायचा तो रस्ता बघून.

आणि रस्त्याचा विचार आला की आपल्याकडचा जुना भेद पुढे येतो: घाटावर आणि घाटाखाली. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, पण विमानतळाच्या दृष्टीने जिल्हे दोनच समजावेत.

घाटावरच्या लोकांचं गणित तसं सरळ आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा इथून चिकलठाणा शंभर किलोमीटरच्या आत पडतो. चिखली, मेहकर, लोणार इथून सव्वाशे ते दीडशेच्या दरम्यान. आणखी एक सोय अशी की चिकलठाणा विमानतळ जालना रोडवर, शहराच्या पूर्वेला आहे. जालन्याकडून येणाऱ्याला तो शहराच्या आधीच लागतो. संभाजीनगरच्या गर्दीत शिरावं लागत नाही. मुंबई, दिल्ली, हैदराबाद ही नेहमीची शहरं तिथून मिळतात. मेहकर आणि सिंदखेडराजाला समृद्धी महामार्गही जवळ आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला आणि ५ जून २०२५ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. समृद्धीचं नागपूरकडचं टोक शिवमडक्याला आहे, तिथून नागपूरचा विमानतळ फार लांब नाही. म्हणून मेहकरच्या माणसापुढे आता दोन दारं आहेत: जवळपास दीडशेवर संभाजीनगर, जवळपास तीनशेवर नागपूर.

घाटाखाली वेगळा मामला. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावं राष्ट्रीय महामार्ग ५३वर आहेत, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवर. शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर यांनाही हाच रस्ता गाठायचा असतो. पश्चिमेला मुक्ताईनगर-भुसावळवरून जळगावचा विमानतळ, पूर्वेला अकोला-मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून अमरावतीचा बेलोरा. मलकापूरहून जळगाव ऐंशीच्या आत. खामगावहून जळगाव सव्वाशे-दीडशे आणि बेलोराही जवळपास तेवढाच. शेगावहून बेलोरा थोडा जवळ. अकोला-अमरावतीच्या टप्प्यातच जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकल्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला होता. रस्ता मोकळा असला की त्याचा फायदा आपल्यालाच.

बुलढाणा शहर आणि मोताळा मधल्या मध्ये. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर करत जळगाव सव्वाशेच्या घरात आहे आणि संभाजीनगर दीडशेच्या घरात. अंतर जळगावचं कमी. उड्डाणांची संख्या संभाजीनगरची जास्त. माझा कौल संभाजीनगरला. वीस-पंचवीस किलोमीटर वाचवण्यापेक्षा, विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळण्याची शक्यता मला अधिक मोलाची वाटते. पुणे किंवा गोवा गाठायचं असेल आणि त्या वारी जळगावहून विमान असेल, तर मात्र जळगाव.

अकोल्याचं काय, असा प्रश्न खामगावात हमखास निघतो. शिवणीचा विमानतळ खामगावपासून तासाभराच्या अंतरावर आहे, धावपट्टी आहे, नकाशावर विमानाचं चिन्हही आहे. पण धावपट्टी आखूड आहे, वाढवायची तर लगतची कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि त्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. नियमित प्रवासी विमान तिथून मिळत नाही. अंतर काढून देणाऱ्या साइटना याचं सोयरसुतक नसतं. त्या ‘अकोला ते मुंबई’ किलोमीटर आणि मिनिटांसकट सांगून मोकळ्या होतात. म्हणून पहिली तपासणी ही: आपल्याला हव्या त्या तारखेला त्या जोडीवर तिकीट खरंच विकलं जातंय का? कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तारीख टाकून पाहावं. नसेल तर बाकीचे आकडे वहीत लिहूनही उपयोग नाही.

आता दोन-तीन पूर्ण प्रवास घरापासून मांडून पाहू.

मेहकरहून दिल्ली. संभाजीनगरमार्गे गेलात तर रस्त्याला सव्वादोन-अडीच तास, विमानतळावर दीड तास आधी, विमान जवळपास दोन तास, दिल्लीत सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. बेरीज पावणेसात तासांच्या आसपास. नागपूरमार्गे रस्त्याला साडेतीन-चार तास, विमानतळावर तोच दीड तास, विमान एक तास चाळीस मिनिटं, बाहेर पडायला पाऊण तास. बेरीज पावणेआठ तास. रस्त्याचं अंतर दुप्पट होऊनही फरक साधारण एका तासाचा, कारण समृद्धीवर गाडी अडत नाही. नागपूरहून दिल्लीला दिवसात बरीच विमानं आहेत. सकाळी काम उरकून संध्याकाळी परतायचं असेल किंवा ऐनवेळी तिकीट काढायचं असेल, तर हा एक तास जास्त घालवणं स्वस्त पडू शकतं.

मलकापूरहून पुणे. जळगावपर्यंत दीड तास, आधी पोचण्याचा सव्वा तास, एटीआरने सव्वा तासाच्या आत, पुण्यात अर्धा-पाऊण तास. साडेचार तासांत माणूस पुण्यात. रस्त्याने हाच प्रवास दिवसभराचा. छोट्या विमानतळांची जोडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती अशा ठिकाणी: जिथे रस्ता लांबचा आहे आणि थेट गाडी सोयीची नाही.

आणि शेगाव किंवा नांदुऱ्याहून मुंबई? विमानाचं नावही काढू नये. मुंबई-हावडा मार्गावर आपण बसलो आहोत. विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी रात्री पकडली की सकाळी मुंबई. जळगावहून विमान घ्यायचं तर शेगावचा माणूस दुपार रस्त्यात आणि विमानतळावर घालवणार, वर मुंबई विमानतळावरून दादरला पोचायला आणखी तास. इतके तास जागेपणी घालवण्यापेक्षा रेल्वेतली झोप बरी. पुण्याला जायचं तर ऑगस्ट २०२५पासून अजनी-पुणे वंदे भारतही शेगावला थांबते. वेळ वाचवायचा म्हणजे घड्याळाचाच वाचवायचा असं नाही. कामाचा वेळ वाचतो का, तेही पाहावं.

छोट्या मार्गांबद्दल एक गोष्ट कडू वाटली तरी सांगितली पाहिजे. हे मार्ग टिकतीलच असं नाही. जळगावचंच पाहा. उडान योजनेत डिसेंबर २०१७मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव छोटं विमान सुरू केलं, ते बंद पडलं. २०१९मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर आल्या. यात जळगावकरांचा दोष नाही. उडान योजनेत साधारण पाचशे किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या प्रवासाला काही ठरावीक आसनं २५०० रुपयांच्या मर्यादेत द्यायची आणि कंपनीचा तोटा सरकारने भरून काढायचा, असा बेत होता. पण ती भरपाई तीन वर्षांपुरती. ती मुदत संपली की विमान स्वतःच्या कमाईवर उडायला हवं. सत्तर आसनांच्या विमानात तीस-पस्तीस माणसं बसत असतील तर ते उडत नाही.

यातून वाचकाने काय करायचं? लग्नाचं, परीक्षेचं, डॉक्टरांच्या भेटीचं नियोजन छोट्या मार्गावर चार-चार महिने आधी करायचं नाही. केलंच तर त्याच तारखेचं रेल्वेचं आरक्षणही हाताशी ठेवायचं. ते रद्द करायला फार पैसे जात नाहीत. ही विमानं आठवड्यातून काहीच दिवस असतात, तेव्हा जाण्याचा वार आणि येण्याचा वार दोन्ही जुळतात का ते तिकीट काढण्याआधी पाहायचं. आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटी देशभरातली विमान वेळापत्रकं बदलतात, म्हणून त्या सुमाराची तिकिटं काढल्यावर पुन्हा एकदा वेळ तपासायची.

उशिराचंही असंच आहे. एकच एटीआर दिवसभरात चार-पाच गावं फिरतं. सकाळी कुठेतरी धुकं पडलं की दुपारी आपल्याकडे येणारं विमान आपोआप मागे पडतं. छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसली किंवा कर्मचाऱ्यांची वेळ संपली, तर उशीर झालेलं संध्याकाळचं विमान येतच नाही. त्यामुळे छोट्या विमानतळावरून शक्यतो दिवसातलं पहिलं किंवा दुपारचं विमान घ्यावं. आपलं विमान आधी कुठून येणार आहे आणि तिथून सुटलं का, हे फोनवर विमानाचा मागोवा देणाऱ्या अॅपमध्ये पाहता येतं. घरून निघण्यापूर्वी एवढं पाहिलं तरी दोन तास विमानतळावर बसण्यापेक्षा जेवण करून निघता येतं. मात्र कंपनीचा उशिराचा निरोप आल्याशिवाय केवळ अंदाजाने उशिरा निघू नये.

सामान जमा करण्याची खिडकी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात आणि विमानात बसण्याचं दार पंचवीस मिनिटं आधी. विमान समोर उभं दिसत असलं तरी नंतर आत सोडत नाहीत, तिथे विनवण्या चालत नाहीत. देशातल्या प्रवासाला साधारण पंधरा किलो सामान जमा करता येतं आणि सात किलो हातात नेता येतं. तरी तिकिटावरचा आकडा पाहून घ्यावा. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक जमा केलेल्या सामानात चालत नाही, हातातच ठेवायची. आणि आपल्याकडून मुलांच्या घरी हमखास जाणारी सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात नेऊ देत नाहीत. तेलाचं प्रमाण जास्त असल्याने ती पेट घेऊ शकते. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवली तर तपासणीत काढून घेतात. जमा करायच्या सामानात नीट बांधून घातली की जाते.

आता रस्ता, आणि यात हयगय नको. पहाटे सहाचं विमान म्हणजे मेहकर-चिखलीच्या माणसाने रात्री दोनला निघणं. तिकीट हजार रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून रात्रभर जागा राहिलेला चालक आणि समृद्धीचा सरळसोट, एकसुरी रस्ता, ही जोडी घातक आहे. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. मोटारीला तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हिशेब मात्र सरासरी ८५-९०नेच करावा. चहाला थांबणं, टोल, विमानतळाकडे वळल्यावरची वाहतूक यांत उरलेलं जातं. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला परवानगी नाही, हेही ‘पोराला मोटारसायकलवर सोडायला पाठवतो’ म्हणणाऱ्यांसाठी. घाटाखालून बोथा किंवा राजूर घाट चढून येणाऱ्यांनी रात्री अर्धा तास जास्त धरावा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूने जनावरं रस्त्यावर येतात. पहाटेचं विमान टाळता येत नसेल, तर आदल्या संध्याकाळी विमानतळाच्या गावी मुक्काम करावा. मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या किमतीत मिळवूनच ते स्वस्त की महाग हे ठरवावं.

मुंबईला विमान बदलून पुढे परदेशी जाणाऱ्या आई-बाबांची संख्या आपल्याकडे वाढली आहे. त्यांच्यासाठी संभाजीनगर-मुंबई आणि मुंबई-परदेश ही तिकिटं शक्यतो एकाच आरक्षणात काढावीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. चुकलेल्या विमानाचे पैसे आपले गेले. वेगळीच काढावी लागली तर मध्ये चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. मुंबईत सांताक्रूझकडचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांच्यात बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून तर तिकिटावर ‘मुंबई’ वाचून भागत नाही, कोणता विमानतळ हे तपासावंच लागतं. रात्री बारानंतरच्या विमानांच्या तारखेतही गफलत होते: १२ तारखेचं ००:१५चं विमान म्हणजे ११ तारखेची रात्र. ११च्याच संध्याकाळी तुम्ही विमानतळावर असायला हवं. आणि पोचण्याची छापलेली वेळ त्या गावच्या घड्याळाची असते, तेव्हा तिच्यातून सुटण्याची वेळ वजा करून प्रवास किती तासांचा हे निघत नाही. प्रवासाचे तास तिकिटावर वेगळे लिहिलेले असतात ते वाचावेत.

शोधताना नावांचाही घोळ होतो. बऱ्याच ठिकाणी संभाजीनगर अजून औरंगाबाद म्हणूनच सापडतं, आणि अमरावती टाकलं की आंध्रची अमरावतीही समोर येते. टॅक्सी ठरवताना नकाशावर नुसतं ‘जळगाव’ टाकलं तर आपल्या जिल्ह्यातलं जळगाव जामोदही पुढे येऊ शकतं. तीन अक्षरी संकेत पाठ ठेवणं बरं: संभाजीनगर आयएक्सयू, जळगाव जेएलजी, अमरावती एव्हीआर, नागपूर एनएजी.

विमान रद्द झालं तर काय मिळतं, हेही प्रवासाच्या वेळेवरच ठरतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीने वेळेत न कळवता, आपल्या कारणाने विमान रद्द केलं, तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान तर द्यायचंच, शिवाय भरपाईही द्यायची. छापील प्रवासवेळ एका तासापर्यंत असेल तर ५००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७५००, दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. अमरावती-मुंबईचा पावणेदोन तास ७५००च्या गटात बसतो. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर विमानतळावर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, आणि सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे यांतला पर्याय प्रवाशाला द्यायचा. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कारणांना भरपाई लागू नाही, म्हणून रद्द होण्याचं कारण कंपनीकडून लेखी, निदान संदेशात तरी, मागून घ्यावं. तिकीट काढताना आपलाच मोबाइल नंबर दिलेला असावा. एजंटाचा नंबर असला की ‘आम्ही कळवलं होतं’ हे कंपनीचं उत्तर बरोबर ठरतं.

परतीचं नियोजन करताना रात्रीचं विमान घ्यायचं की नाही, हे शेवटच्या एसटीवर सोडू नये. संभाजीनगरला रात्री नऊला उतरलेल्या माणसाने बुलढाण्याची गाडी मिळेल म्हणून मध्यवर्ती बसस्थानक गाठण्यात अर्थ नाही. जालन्याकडे जाणाऱ्या गाड्या विमानतळासमोरच्या रस्त्यानेच जातात, पण रात्री त्या हात दाखवून थांबतीलच याचा भरवसा नाही. गाडी आधी सांगून ठेवावी, चालकाला विमानाचा क्रमांक द्यावा म्हणजे उशीर झाला तर त्याला फोनवर दिसेल, आणि भाडं ठरवताना थांबण्याचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे त्याच वेळी बोलून घ्यावं.